पाच लिटरचा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, पेशंट नवरा आणि देव्हारा: वर्ष होत आलं, आता लिहिते

मशीनची कंपनी सांगत नाहीये, कारण पाच लिटरच्या मशीन आतून साधारण सारख्याच असतात. आणि मला जे सांगायचंय ते मशीन घरात आल्यानंतरचं आहे, ते बॉक्सवर छापत नाहीत.

आमच्या ह्यांना आयएलडी आहे. फुप्फुसं आतून हळूहळू कडक होत जातात, श्वास घेतला तरी ऑक्सिजन रक्तात पुरेसा जात नाही. हे एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले, आम्ही सासवडला राहतो. सीटी स्कॅन बघून डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, घराजवळ कबुतरं आहेत का? त्यांच्या विष्ठेने आणि पिसांनी हा आजार होऊ शकतो. आमच्या गच्चीवर कबुतरांना वर्षानुवर्षं ज्वारी पडायची, मीच टाकायला लावायचे. हे तिथल्या तिथे म्हणाले, "डॉक्टर, ही म्हणायची पुण्य लागेल, ते फुप्फुसाला लागलं बघा." डॉक्टरसुद्धा हसले, मला मात्र कुठे बघू झालं. त्याच आठवड्यात ज्वारी बंद केली आणि गच्चीला जाळी मारली. गेलेलं फुप्फुस परत येत नाही पण आहे ते टिकवायचं असं डॉक्टर म्हणाले, मग गोळ्या सुरू झाल्या. निंटेडॅनिब, दीडशेची, सकाळ-संध्याकाळ पोटभर जेवणावर. त्या सहा मिनिटं चालायच्या टेस्टमध्ये सॅच्युरेशन (रक्तातला ऑक्सिजन, टक्क्यांत) चौऱ्याण्णववरून ब्याऐंशीवर आलं तेव्हा घरी ऑक्सिजन ठेवा म्हणून लिहून दिलं, बसल्यावर मिनिटाला दोन लिटर आणि चालताना चार.

तर मशीन. शेजारचे अजून विचारतात की ह्यात गॅस भरायला माणूस कधी येतो? गॅस भरायचा नसतो हो. खोलीतलीच हवा ओढते, त्यात 21 टक्के ऑक्सिजन असतो, बाकी बहुतेक नायट्रोजन. तो नायट्रोजन आतल्या झिओलाइटच्या खड्यांत अडकवते आणि नव्वदच्या वर टक्के ऑक्सिजन नळीतून सोडते. आत दोन डबे असतात, एक भरतो तोवर दुसरा रिकामा होतो, म्हणून सारखा घर्र घर्र आणि मधे फुस्स असा आवाज येतो. पहिल्या रात्री मला झोप नाही, वाटलं हे काय आयुष्यभराचं दुखणं घरात आणून ठेवलं. हे मात्र डोळे मिटून ऐकत पडले होते, म्हणाले, "कॉम्प्रेसर चांगला आहे, व्हॉल्व्ह वेळेवर पडतोय, झोप." मेकॅनिक माणूस, स्वतःच्या छातीत काय वाजतंय ते सोडून मशीनचं ऐकणार. आता तर फुस्सवर सम धरून टाळी देतात. आम्ही संध्याकाळी अर्धा तास नामजप करतो, त्यात ह्यांना दम लागतो तेव्हा ते गप्प होतात आणि मशीनकडे बोट दाखवतात, म्हणजे आता हिची पाळी.

आवाजावर उपाय सांगते. मशीन बेडरूममध्ये ठेवू नका, पॅसेजमध्ये ठेवा आणि लांब नळी घ्या. आमची पंचवीस फुटांची आहे, बाथरूमपर्यंत बरोबर पोचते. त्या गोळ्यांनी जुलाब होतात (निम्म्याहून जास्त लोकांना थोडेफार होतात, डॉक्टरांना सांगायला लाजू नका, त्याला औषध देतात, डोस कमी करतात), तेव्हा नळी किती लांब हवी ह्याचं गणित आमच्या घरी कुणी मेडिकलवाल्याने केलेलं नाही, ते संडासाच्या अंतरावरून झालेलं आहे. मशीन भिंतीपासून फूटभर लांब ठेवायची, मागून गरम हवा येते, पडद्याला चिकटवून ठेवली की तापते आणि ओरडते. उन्हाळ्यात ती खोली भट्टी होते हे धरूनच चाला.

नळीवर नातू उभा राहतो. मुद्दाम नाही, पण राहतोच. तेव्हा मशीनला लावलेल्या पाण्याच्या बाटलीतले (ऑक्सिजन कोरडा जाऊ नये म्हणून असते ती) बुडबुडे थांबतात, ती पहिली खूण. शंका आली तर नाकातली नळी काढून तिचं टोक ग्लासभर पाण्यात धरायचं, बुडबुडे आले की ऑक्सिजन येतोय, नंतर नीट पुसून परत लावायची. बाटलीत डिस्टिल्ड पाणीच घालायचं आणि रोज बदलायचं, नळाचं नको. मागचा स्पंज फिल्टर मी दर रविवारी धुते, पूर्ण वाळल्याशिवाय परत लावत नाही. आतला फिल्टर सर्व्हिसवाला बदलतो, म्हणजे तो आला तर. विकायच्या आधी दुकानदार रोज फोन करत होता आणि नंतर आमचा फोन बघून कट करतो, तेव्हा घेताना सर्व्हिसचा माणूस कोण आणि कुठून येणार ते पैसे देण्याआधी विचारा. वॉरंटी तीन वर्षांची आहे. बिल हातात आलं तेव्हा ह्यांनी मला विचारलं, "हिची तीन वर्षं, माझी किती लिहिलीये बघ जरा मागे." मी म्हटलं तुमचं बिलच हरवलंय, आता परत पण करता येत नाही.

नाक कोरडं पडतं, रक्त येतं कधीकधी. जावेने सांगितलं साजूक तूप लावा, पण नर्सने आधीच ताकीद दिली होती की तेल, तूप, व्हॅसलिन काही नाही, ऑक्सिजनपाशी तेलकट वस्तू पेट घेऊ शकते, पाण्यात विरघळणारं जेलच लावायचं. कानामागे नळी घासून जखम होते तिथे मी मऊ कापड गुंडाळते.

आणि आता आगीचं. हे कुणी नीट सांगत नाही म्हणून मोठं लिहिते. ऑक्सिजन स्वतः पेटत नाही पण जे पेटतं ते फार भडकून पेटवतो. पुस्तिकेत लिहिलंय की ज्योतीपासून दहा फूट लांब. आमचा देव्हारा पॅसेजमध्येच, मशीनच्या समोर! चाळीस वर्षं सकाळ-संध्याकाळ निरांजन, उदबत्ती, शुक्रवारी धूप, आणि आता ह्यातलं काहीच नाही, धूर तर फुप्फुसालाही नको. सासूबाई आमच्याकडेच असतात, त्यांना हे पटेना, दिवा नाही म्हणजे घरात काय राहिलं, त्या दोन दिवस जेवल्या नाहीत. मला पण आतून कसंतरी होत होतं, आजारपणात उलट दिवा जास्त हवा ना. शेवटी हे म्हणाले, "आई, पांडुरंगाने आजवर तुपाचा हिशोब मागितलाय का? त्याला माझा श्वास आणि तुझी वात ह्यातलं एक निवडायला लावू नकोस, तो बिचारा विटेवर अडकलाय, पळूनही जाऊ शकत नाही." मग सेलची समई आणली. सासूबाई पहिल्या दिवशी तिलाही हळदकुंकू वाहून म्हणाल्या, काजळी तरी धरत नाही. तेलाची वात आता फक्त तुळशीपाशी, बाहेर, दार लावून.

फोडणीचं पण तसंच. गॅसच्या शेगडीपाशी नळी घेऊन यायचं नाही आणि मिरचीचा ठसका तर अजिबात नको, खोकला सुरू झाला की अर्धा तास थांबत नाही. एक्झॉस्ट लावते, स्वयंपाकघराचं दार लावते आणि मग फोडणी. हे आतून ओरडतात, आज कुणावर राग काढतेयस?

लाइटचं बघून घ्या. आमची मशीन साडेतीनशे वॉटची, दिवसरात्र चालली तर महिन्याला अडीचशे युनिट नुसती तिची, वर स्लॅब बदलतो ते वेगळंच. आमच्याकडे गुरुवारी हमखास लाइट जाते. इन्व्हर्टर साइन वेव्हचा हवा, आमचा दीडशे एएचच्या बॅटरीवर तीनेक तास ओढतो. त्याच्याही मागे छोटा सिलिंडर भरलेला ठेवायचा, दीड हजार लिटरचा. दोन लिटरने कागदावर बारा तास येतात, आपण दहाच धरायचे. किल्ली सिलिंडरलाच बांधून ठेवा, अंधारात शोधायला लागू नये.

मला बऱ्याच बायका विचारतात की देवाकडे काय मागतेस? सुरुवातीला मी नवस बोलले होते, मोठा, बरं करून दे म्हणून. आता मागणी फार लहान झालीये. आज लाइट जाऊ नको दे. आज ह्यांना दोन घास जास्त जाऊ दे. आज रात्री खोकला नको, मला चार तास झोप दे. ह्यातलं बरंचसं मिळतं हो, खोटं कशाला सांगू. आणि नाही मिळालं की मी भांडते पण, देव्हाऱ्यासमोर उभी राहून, हे बेडवरून म्हणतात, "हळू बोल, त्याने कनेक्शन कापलं तर दोघांचीही सोय जाईल."

ऑक्सिमीटरबद्दल एकच सांगते, सारखं लावू नका. मी उठता-बसता बोट पकडायचे, अठ्ठ्याऐंशी दिसलं की माझंच बीपी वाढायचं. थंड बोटाला तसंही चुकीचं दाखवतो. ह्यांनी एकदा तो काढून विठ्ठलाच्या मूर्तीला लावला, इतकी युगं उभा आहे, त्याचं किती येतंय बघू म्हणे. आता सकाळी एकदा, चालून आल्यावर एकदा आणि दम लागला तर, तेवढंच. डॉक्टरांनी शिकवलेला ओठांचा चंबू करून हळूहळू श्वास सोडायचा व्यायाम त्याहून जास्त कामाचा. तो करताना दिसतं शिट्टी मारल्यासारखं, लग्नाआधी कधी मारली नाही ती आता सगळ्या गल्लीसमोर ओट्यावर बसून मारतात.

आषाढीच्या वारीत माउलींची पालखी सासवडला दोन दिवस मुक्कामाला असते. हे दरवर्षी दिंडीत चालायचे, दिवे घाट चढून घरी यायचे आणि पाय धुवून परत पुढे. यंदा ओट्यावर खुर्ची टाकली, आतून नळी ओढून घेतली. दिंडीतले जोडीदार घरी आले, मी सगळ्यांना मास्क लावायला लावले आणि सर्दीवाल्या दोघांना अंगणातूनच हात जोडायला लावले, वाईट वाटलं तर वाटू दे, साध्या सर्दीने ह्यांना ॲडमिट करायला लागलंय. कुणीतरी रडायला लागलं. हे म्हणाले, "अरे मी पण माळकरीच, फक्त माझी माळ प्लॅस्टिकची आणि पंचवीस फुटांची." मग चहा झाला, टाळ वाजले. रात्री हे बराच वेळ भिंतीकडे तोंड करून पडले होते, तेव्हा मी काही बोलले नाही, पाय चेपत बसले. रोज विनोद होतातच असं नाही, आणि माणसाला हसवायची ड्युटी लावू नये.

स्वतःचं पण बघा. मुलगी रविवारी हडपसरहून येते तेव्हा मी दुपारभर बाहेर पडते, कीर्तन नाहीतर नुसती भाजी आणायला. आधी अपराधी वाटायचं.

स्टार चार. एक कापला तो सर्व्हिसचा आणि लाइट गेल्यावर जो कर्कश बीप मारते त्याचा, रात्री दोनला हृदय बंद पडायचं माझंच. नवीन घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारा की पुढे किती लिटर लागू शकतं, कारण हा आजार वाढत जातो आणि पाच लिटरची मशीन पाचच्या पुढे देत नाही, बऱ्याच मशीनमध्ये शेवटच्या लिटरला शुद्धताही थोडी उतरते. आमचं आता बसून तीनवर गेलंय. दहा लिटरची मशीन बघतोय, आवाज आणि बिल दोन्ही जास्त. सासवड-पुणे पट्ट्यात कुणी जुनी देऊन बदलून घेतली असेल तर काय भाव मिळाला ते नक्की सांगा, ह्यांची अट एकच आहे की नवीनही फुस्स वेळेवर करणारी हवी.