वॉशिंग्टन स्क्वेअर पार्कमधली डोशाची गाडी: चारही ऋतू खाऊन झाल्यावर

न्यूयॉर्कमध्ये डोसा कुठे खावा, असं कोणी विचारलं की मी आता एकच पत्ता सांगते. वॉशिंग्टन स्क्वेअर पार्कची दक्षिण बाजू, सलिव्हन स्ट्रीट येऊन भिडतो तिथली 'एनवाय डोसाज'ची गाडी. मी राहते जर्सी सिटीत. तिथे दक्षिण भारतीय हॉटेलांना तोटा नाही. तरीही नदीपलीकडे न्यूयॉर्कला नेणाऱ्या पाथ लोकल रेल्वेने नाइन्थ स्ट्रीटला उतरून पाच-सात मिनिटं चालत मी इथे येते, आणि गेल्या उन्हाळ्यापासून हे चालूच आहे.

ही गाडी २००१ पासून आहे. ती चालवणारे थिरू कुमार मूळचे श्रीलंकेतल्या जाफन्याचे. त्यांच्या भरघोस मिश्या आणि समोरचा तवा, बस, ही गाडीची ओळख. २००७ मध्ये त्यांना रस्त्यावरच्या खाद्यविक्रेत्यांसाठीचा व्हेंडी पुरस्कार मिळाला. तो देणारी संस्था, स्ट्रीट व्हेंडर प्रोजेक्ट, फेरीवाल्यांच्या हक्कांसाठी लढते, म्हणून मला त्या पुरस्काराचं मोल जास्त वाटतं.

आता डोशाबद्दल. आपल्याकडच्या उडुपी हॉटेलातला लोणी सोडलेला डोसा डोक्यात ठेवून जाऊ नका. इथे सगळंच व्हेगन आहे. तूप नाही, लोणी नाही, दही नाही. मला सुरुवातीला लोण्याची आठवण यायची, पण चार-पाच वेळा खाल्ल्यावर लक्षात आलं की लोणी नसल्यामुळे पिठाची आंबूस चव सरळ जिभेवर येते. कडा कुरकुरीत, मधला भाग किंचित लुसलुशीत. पाँडिचेरी मसाला डोसा मागवलात तर बटाट्याच्या तिखट भाजीबरोबर ताज्या भाज्याही आत असतात. कांदा-बटाटा दोन्ही आहे, त्यामुळे चातुर्मासात कांदा-लसूण सोडणाऱ्यांनी आणि जैन मंडळींनी आधी विचारून घ्यावं. सांबार आपल्या पुण्या-मुंबईच्या गोडसर सांबारासारखं अजिबात नाही. ते झणझणीत आहे, आणि थंडीत त्याचा पहिला घोट घशाखाली उतरला की बरं वाटतं. लहान मुलांना मात्र खोबऱ्याच्या चटणीबरोबरच द्या.

रांग असते. शेजारच्या न्यूयॉर्क विद्यापीठाची पोरं, आसपासच्या ऑफिसांतले लोक, पर्यटक, सगळे एकाच वेळी जेवायला बाहेर पडतात. तवा एक, हात एका माणसाचे. प्रत्येक डोसा समोर पसरला जातो, आधी करून ठेवलेला कोणाला मिळत नाही. मला ही रांग खटकत नाही, उलट तिच्यामुळेच डोसा असा आहे असं माझं ठाम मत आहे. घाई असेल तर बाराच्या आत पोहोचा. संध्याकाळचा बेत मात्र करू नका, ही दुपारची गाडी आहे आणि माल संपला की संपला. पाऊस किंवा बर्फ असेल त्या दिवशी आधी चौकशी करून मगच निघा.

एक गोष्ट इथे येणाऱ्या प्रत्येकाला माहीत असावी असं मला वाटतं. या शहरात खाण्याची गाडी टिकवणं फार अवघड आहे. १९८० च्या दशकात शहराने परवान्यांची संख्या तीन हजारांच्या आसपास गोठवली. पुढे कित्येक वर्षं लोक प्रतीक्षायादीत ताटकळले, आणि हाती असलेले परवाने काळ्या बाजारात हजारो डॉलरला भाड्याने फिरले. २०२१ च्या कायद्याने नवे परवाने टप्प्याटप्प्याने द्यायचं ठरलं. शिवाय गाडी रात्री रस्त्यावर सोडता येत नाही, रोज ठरलेल्या गॅरेजात नेऊन धुवावी लागते. म्हणजे दुपारच्या डोशामागे पहाटेपासूनची कामं असतात, आदल्या दिवशी दळलेलं पीठ तर वेगळंच. इतकं करून तोच माणूस दोन दशकांहून जास्त काळ त्याच कोपऱ्यावर, स्वतः तव्यापाशी उभा राहतो, याचा मला मनापासून आदर आहे.

बसायला टेबलं नाहीत, पण पार्क आहे ना! नैर्ऋत्य कोपऱ्यात बुद्धिबळाची दगडी टेबलं आहेत. तिथे डाव रंगलेला असतो, आणि बघत बघत खाता येतं. डोसा डब्यात बांधून ऑफिसला नेण्याचा मोह टाळा. झाकण लावलं की वाफेने तो पाच मिनिटांत मऊ पडतो, आणि मग आपण इतकी पायपीट कशासाठी केली असं वाटतं. उभ्या उभ्या खाल्लात तरी चालेल, पण तिथेच खा. उन्हाळ्यात कारंज्याजवळ कोणीतरी वाजवत असतं, तेही कानावर पडतं. हिवाळ्यात बाकं गारठलेली असतात, तेव्हा मी सांबाराची वाटी दोन्ही हातांत धरून पार्कमधल्या मोठ्या कमानीपर्यंत फेरी मारते.

पहिल्यांदा जाणाऱ्यांनी पाँडिचेरीच घ्यावा. सोबत कोणी असेल तर एक उत्तप्पा मागवा, तो डोशापेक्षा सावकाश गार होतो, गप्पा मारत खाता येतो. आईबाबा इकडे आले की त्यांना मी हाच क्रम सांगणार आहे, फक्त सांबार त्यांच्यासाठी बेताने.