पाणंदीच्या तोंडाशी अडवलेलं सामान

ठाणे-डोंबिवलीचा फ्लॅट मुलांवर सोपवून गावच्या घरी कायमचे राहायला निघालेले चाकरमानी आणि बदली होऊन रत्नागिरी-सिंधुदुर्गात येणारे बँकवाले, शिक्षक ही पॅकर्स-मूव्हर्सच्या नावाने धंदा मांडलेल्या भामट्यांची आवडती गिऱ्हाइकं. पहिल्यांनी तीस वर्षांत घर हलवलेलं नसतं, दुसऱ्यांना सोमवारी हजर व्हायचं असतं. फसवणुकीची तयारी मुंबईत होते, पण गळ ओढला जातो गावात, डांबर संपून पाणंद सुरू होते त्या वळणावर. ट्रक थांबतो. ड्रायव्हर उतरून पुढची वाट बघतो, मान हलवतो. "काका, गाडी पुढे जायची नाही. छोटा हत्ती टेम्पो मागवावा लागेल, दोन-तीन फेऱ्या होतील, हमाली वेगळी. बारा हजार द्या, नाहीतर सामान इथेच उतरवतो." आभाळ भरून आलेलं, सगळा संसार ट्रकमध्ये, घर हाकेच्या अंतरावर. माणूस पैसे देतो.

हे बारा हजार कोटेशन देतानाच हिशेबात धरलेले असतात. म्हणून कोटेशनपासूनच बघायला हवं.

इंटरनेटवर शोधून एखाद्या साइटवर मोबाइल नंबर टाकला की दहा मिनिटांत आठ-दहा फोन येतात. कारण अशा बऱ्याच साइट स्वतः सामान हलवत नाहीत, तुमची चौकशी एकाच वेळी अनेकांना विकतात. फोनवरच्या माणसाकडे पुष्कळदा ट्रक नसतो, गोदाम नसतं. मोबाइल असतो, लेटरहेड असतं आणि नावाजलेल्या कंपनीशी मिळतंजुळतं नाव असतं, मागे 'एक्स्प्रेस' किंवा 'लॉजिस्टिक्स' असं शेपूट जोडलेलं. लेटरहेडवर 'आयबीए मान्यताप्राप्त' छापलेलं असतं, कारण बदलीचा खर्च बँकेकडून मिळवायचा तर असं बिल मागितलं जातं हे त्यांना ठाऊक असतं. इंडियन बँक्स असोसिएशनची मान्यताप्राप्त वाहतूकदारांची यादी असते. तिच्यात नाव आणि पत्ता दोन्ही जुळले पाहिजेत. नुसत्या शिक्क्याला अर्थ नाही.

दहा फोनांपैकी एकाचा आकडा बाकीच्यांच्या निम्मा असतो. तो खरा की खोटा हे डिझेलवरून कळतं. ठाणे ते कणकवली सव्वाचारशे-साडेचारशे किलोमीटर. गाडी रिकामी परत यायची धरली तर नऊशेच्या आसपास. 14 फुटी ट्रक लिटरला सात-आठ किलोमीटर देतो, म्हणजे सव्वाशे लिटरच्या आगेमागे डिझेल. 90 रुपयांनी धरलं तरी दहा-अकरा हजार रुपये नुसते टाकीत जातात. त्यावर टोल, ड्रायव्हर-क्लीनरचा भत्ता, चार हमाल, खोके, बबल रॅप. मग "सगळं धरून बारा हजार, साहेब" या वाक्याचे दोनच अर्थ उरतात. एक तर तुमचं सामान दुसऱ्याच्या सामानाबरोबर एकाच गाडीत, म्हणजे पार्ट लोडने जाणार आहे, किंवा उरलेले पैसे वाटेत काढले जाणार आहेत. पार्ट लोड वाईट नसतं. पण ते सांगून झालं पाहिजे, आणि सामान किती दिवसांत पोचणार हे लिहून मिळालं पाहिजे.

घर न बघता दिलेला दर हा दरच नव्हे. निदान व्हिडिओ कॉलवर तरी सगळं दाखवावं, आणि त्यात माळा, गॅलरी, बाथरूमवरचं कपाट हमखास यावं, कारण नंतर "हे सांगितलंच नव्हतं" म्हणून पैसे वाढतात ते याच जागांवरून. कोकणात जाणाऱ्या सामानात आणखी एक गोष्ट असते, तांब्या-पितळेची भांडी. हंडे, घंगाळं, समया, जुन्या पातेल्यांची उतरंड. यादीत 'भांडी – 4 खोके' एवढंच लिहिलं की गाडी भरताना वजनावरून वाद निघतो. भांड्यांचे खोके फाइव्ह-प्लाय, म्हणजे पाच पदरी पुठ्ठ्याचे असावेत, एकेकात पंधरा-अठरा किलोपेक्षा जास्त भरू नये आणि यादीत धातू व नग लिहावेत. झोपाळ्याच्या कड्या, देव्हारा, शिसवी कपाट ही नावंही स्वतंत्र ओळीत हवीत. एरवी मध्यमवर्गीय घरच्या टू बीएचकेचे 35 ते 50 खोके होतात. कोणी फोनवरच '20 खोके' म्हणून दर लावत असेल तर उरलेले पंधरा-तीस कुठल्या दराने जातील ते विचारावं.

काही जण घनफुटावर दर देतात. 14 फुटी गाडीची बॉडी साधारण 6 फूट रुंद आणि तितकीच उंच धरली तर पाचशे घनफूट भरते. भरून झाल्यावर "साडेसहाशे झालं" असं सांगणाऱ्याला मोजपट्टी दाखवावी. गाडीच पाचशेची असेल तर साडेसहाशे मावलं कुठे?

टोकन म्हणून दोन-पाच हजार मागतात तेव्हा यूपीआयवर दिसणारं नाव बघावं. कोटेशनवर कंपनी आणि क्यूआर कोडवर कुणा व्यक्तीचं नाव असेल तर तिथेच थांबावं. जीएसटी क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो, महाराष्ट्रातल्या नोंदणीचा 27 ने सुरू होतो, आणि जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर टाकला की नोंदणी कुणाच्या नावावर आहे आणि ती चालू आहे की रद्द, दोन्ही दिसतं. "बिल नको असेल तर टॅक्स वाचवतो" हे ऐकायला गोड वाटतं. पण टॅक्सबरोबर बिलही जातं, आणि उद्या तक्रार करायची तर हातात काहीच राहत नाही. पैशांचे भाग पाडावेत. थोडं टोकन, निम्म्याच्या आसपास गाडी भरून बिल्टी (माल ताब्यात घेतल्याची वाहतूकदाराची पावती) हातात आल्यावर, उरलेले घरात सामान उतरवून यादी तपासल्यावर. नव्वद टक्के आधी मागणारा माणूस उतरवण्याच्या वेळी तुमच्याशी कसा बोलेल, ते तेव्हाच ओळखावं.

बिल्टी, म्हणजेच एलआर, हा सगळ्यात मोलाचा कागद. त्यावर गाडीचा नंबर, वस्तूंची यादी, जाहीर केलेली किंमत, ठरलेलं भाडं आणि पोचवण्याचा पूर्ण पत्ता असावा. पत्त्यात गावाबरोबर वाडी आणि 'घराच्या दारापर्यंत' हे शब्द हवेत. नुसतं 'मालवण' लिहिलं असेल तर मालवणच्या एसटी स्टँडवर सामान टाकूनही करार पाळला म्हणायला ते मोकळे. कोऱ्या किंवा अर्ध्या भरलेल्या फॉर्मवर सही करू नये. गडबडीत मागतात ती सही त्याचसाठी असते.

गाडी निघाली की पुढचा खेळ सुरू. सामान भिवंडी किंवा कळंबोलीच्या गोदामात उतरवून दुसऱ्या ट्रकमध्ये चढवतात. बिल्टीवरचा नंबर एक, दारात येणारी गाडी दुसरी. अशा बदलात वस्तू फुटतात, हरवतात, आणि जुलै महिना असेल तर ओलसर गोदामात चार दिवसांत गाद्यांना बुरा येतो, पार्टिकल बोर्डची कपाटं खालून फुगतात. म्हणून गाडी निघताना नंबर प्लेट आणि भरलेलं सामान यांचा फोटो काढावा आणि 'गाडी बदलल्यास आधी कळवणार' ही ओळ करारात घालून घ्यावी.

मग वाटेतून फोन येतात, आणि त्यातली कारणं ठरलेली असतात. "ई-वे बिल नाही म्हणून दंड भरला." वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिल, म्हणजे माल नेताना काढायचा जीएसटीचा कागद, लागत नाही, नियमातच सूट आहे. "नाक्यावर जकात भरली." जकात तर 2017 साली जीएसटी आल्यावर मुंबईतूनही गेली. "गणपतीमुळे महामार्गावर ट्रकबंदी आहे." बंदी असते हे खरं, पण अलीकडच्या वर्षांत ती 16 टन आणि त्यावरच्या गाड्यांसाठी असते. घरसामानाची 14 फुटी गाडी भरूनही त्या वजनाला पोचत नाही. म्हणजे हे कारण सांगणारा नकळत कबूल करतो की तुमचं सामान कुठल्या तरी मोठ्या ट्रकमध्ये इतरांच्या मालाखाली पडलंय. तसंच घाटाचं. "आंबा घाट बंद आहे" म्हटलं की विचारावं, महामार्गाने ठाण्याहून कणकवलीला येणाऱ्या गाडीला आंबा घाट लागला कसा? कशेडी, परशुराम म्हणाला तर पटण्यासारखं आहे. आंबा म्हणाला तर गाडी पुणे-कोल्हापूर फिरून दुसऱ्यांचा माल उतरवत येते आहे. पावसाळ्यात दरडी कोसळतात, रस्ते खरोखर बंद होतात, हे इथल्या माणसाला सांगायला नको. पण त्यासाठी थांबावं लागलं तर उशीर होतो, त्याचे जादा पैसे कशाला?

आता पुन्हा पाणंद. हा आकडा आधीच बांधून घेता येतो, आणि कोकणात घर हलवताना सगळ्यात उपयोगी काम तेच. गावातल्या कोणाला तरी सांगून डांबरी रस्त्यापासून दारापर्यंतचा व्हिडिओ मागवावा. दोन्ही बाजूंच्या गडग्यांमधली सर्वात अरुंद जागा, वर लोंबणाऱ्या फांद्या आणि विजेच्या तारांची उंची, वाटेतला साकव, शेवटच्या चिऱ्याच्या पायऱ्या, ट्रक वळवायला जागा. ट्रकची बॉडी सहा-सात फूट रुंद, आरसे धरून आणखी थोडी. आठ फुटांच्या पाणंदीत तो सरळ कदाचित जाईल, वळणार नाही. छोटा हत्ती सुमारे साडेसातशे किलो उचलतो. दोन टन सामान म्हणजे तीन फेऱ्या. तो गावातलाच टेम्पोवाला आधी ठरवून ठेवला तर बाहेरच्या माणसाला सांगितलेल्या आकड्याच्या कितीतरी खाली येतो, शिवाय त्याला कुठल्या वळणावर चाक घसरतं तेही माहीत असतं. व्हिडिओ मूव्हरला पाठवून त्याच्याकडून लिहून घ्यावं, 'रस्ता पाहिला, शेवटच्या टप्प्याचा दर इतका'. दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळ फेरीबोटीने गाडी आणायची असेल तर बोटीचं भाडं कोण देणार हेही त्यातच यावं. हा व्हिडिओ पाठवल्यावर अनेक स्वस्त कोटेशनवाले फोन उचलत नाहीत.

विम्याची चलाखी वेगळी. सामानाच्या किमतीच्या दोन-तीन टक्के 'इन्शुरन्स' म्हणून घेतात आणि पावती स्वतःचीच देतात. विमा म्हणजे विमा कंपनीचा पॉलिसी नंबर असलेला कागद, तुमच्या नावाचा किंवा तुमच्या बिल्टीचा उल्लेख असलेला. तो गाडी निघण्याआधी हातात हवा. दागिने, रोकड, कागदपत्रं यांना तो सहसा लागू नसतो, ती बरोबरच न्यावीत. विमा नसेल आणि जास्त जोखमीचा वेगळा दर भरला नसेल तर रस्ता मालवाहतुकीच्या 2007 च्या कायद्याखालच्या नियमांनी वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंतच, तीही जाहीर केलेल्या किमतीच्या मर्यादेत. किंमत कमी दाखवून विमा वाचवणारे इथे स्वतःचंच नुकसान करतात. शिवाय नुकसानीची लेखी नोटीस बुकिंगच्या तारखेपासून 180 दिवसांत द्यावी लागते. सामान पोचल्याच्या तारखेपासून नव्हे. ही चूक फार जण करतात.

सामान अडवलंच तर आधी ठरलेली उरलेली रक्कम साक्षीदारांसमोर ऑनलाइन द्यावी, म्हणजे वाद फक्त जादा पैशांपुरता उरतो आणि 'भाडं बाकी आहे' हा त्यांचा बहाणा संपतो. मग 112 ला किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला फोन. "हा तुमचा आपसातला व्यवहार" असं ऐकावं लागण्याची तयारी ठेवावी. वाहतूकदाराकडे विश्वासाने सोपवलेल्या मालाचा अपहार हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 316 खाली गुन्हा आहे आणि त्याला 7 वर्षांपर्यंत शिक्षा आहे, एवढं बिल्टी हातात धरून शांतपणे सांगितलं की बोलण्याचा सूर बदलू शकतो. ड्रायव्हरवर ओरडून उपयोग नाही. बहुतेकदा त्यालाही भाड्याने आणलेला असतो आणि त्याचेही पैसे अडकलेले असतात. पैसे द्यावेच लागले तर रोख देऊ नयेत, आणि पावतीवर 'आक्षेप नोंदवून रक्कम दिली' असं लिहावं. टोकन घेऊन माणूस गायबच झाला असेल तर 1930 या सायबर हेल्पलाइनवर त्याच तासाला फोन करावा, उशीर झाला की पैसे पुढच्या खात्यात सरकतात. ग्राहक हेल्पलाइन 1915. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यातही करता येते, म्हणजे मूव्हरच्या मागे मुंबईला खेटे घालायची गरज नाही. मुदत दोन वर्षं, आणि दिलेला मोबदला 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही.

सामान दारात उतरताना एकाने पडवीत बसून यादीवर खुणा कराव्यात, खोक्यांच्या नंबरांसकट. पोच पावतीवर 'सामान चांगल्या स्थितीत मिळालं' हे वाक्य छापलेलंच असतं. फुटलेलं किंवा भिजलेलं काही दिसलं तर ते सहीच्या वर लिहावं, खाली नव्हे, आणि त्या पानाचा फोटो हमालांसमोर काढावा. भिजलेले खोके त्याच दिवशी उघडावेत. फ्रिज उभाच आणला होता का ते विचारून, काही तास तसाच ठेवून मग चालू करावा.