सुकलेलं लेकरू आणि सुजलेलं लेकरू

तीव्र कुपोषण म्हटलं की डोळ्यांपुढं हाडाची काडं झालेलं लेकरू येतं. बरगड्या मोजून घ्याव्यात, चेहरा म्हाताऱ्यासारखा. ही सुकटी, म्हणजे मरास्मस. सहा महिने ते पाच वर्षांच्या लेकराचा दंडघेर ११.५ सेंमीपेक्षा कमी भरला की अंगणवाडीताई लगेच ओळखते.

सुजेचं प्रकरण फसवं. क्वाशिओरकरमध्ये, म्हणजे सुजेच्या कुपोषणात, अंगात पाणी साठतं, गाल फुगतात अन् आजी म्हणते, "बाळसं धरलंय की!" वजनकाटाही तिचीच री ओढतो. म्हणून दोन्ही पावलांवर अंगठे तीन सेकंद दाबून धरायचे. दोन्हीकडं खड्डा राहिला, तर दंडघेर कितीही असो, तीव्र कुपोषण धरायचं. केस विरळ, तांबूस, कातडी सोलते, लेकरू मलूल, घास नको म्हणतं. सुकलेलं लेकरू किमान भुकेनं रडतं तरी.

सुकटीत भूक शाबूत असेल, ताप-जुलाब नसतील, तर गावातच उपचार जमतो. सूज दिसली की थेट पोषण पुनर्वसन केंद्र.

मला विचाराल तर सुजेचीच धास्ती जास्त. बीडकडची ऊसतोड कुटुंबं दसरा-दिवाळीला निघतात. तिकडं कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीवर, वजन कोण करणार? पाय दाबायला मात्र काटा लागत नाही. अशी सूज किडनीच्या आजारातही येते, त्यामुळं डॉक्टरांना दाखवायचंच.