किल्ली नेमकी कुणाची? पीजीपी, सिग्नल की व्हॉट्सअ‍ॅप

एन्क्रिप्शन, म्हणजे संदेशाला लावलेलं कुलूप, मोडणं फार अवघड आहे. पण मधल्याच कुणी तुमच्या भावाची म्हणून स्वतःची पब्लिक किल्ली (जिने इतर लोक त्याच्यासाठीचा संदेश कुलूपबंद करतात ती) पुढे केली, तर मोडायची गरजच उरत नाही. किल्ली खरी कुणाची हे ठरवायचे तीन मार्ग आज हाताशी आहेत.

पीजीपी हे ईमेल आणि फायली कुलूपबंद करणारं सॉफ्टवेअर, 1991 चं. ओळख पटवून एकमेकांच्या किल्लीवर सही करायची आणि ओळखीतून ओळख वाढवायची. मध्ये कंपनी नाही, म्हणून ही कल्पना मला आजही प्रिय आहे. पण किल्लीचा फिंगरप्रिंट, म्हणजे तिची ओळखखूण, 40 अक्षरांचा, म्हणून लोक शेवटची आठच पाहायचे. तेवढी जुळणारी खोटी किल्ली सहज बनते हे 2014 मध्ये दाखवलं गेलं. 2019 मध्ये तर की-सर्व्हरवरच्या (पब्लिक किल्ल्यांच्या जाहीर साठ्यातल्या) काही किल्ल्यांवर लाखाहून जास्त फालतू सह्यांचा मारा झाला आणि त्या उतरवून घेणाऱ्यांचं सॉफ्टवेअर अडकून पडू लागलं. डेबियनसारख्या मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पात काम करायचं असेल तर पीजीपी लागेलच. घरच्यांना मात्र हे शिकवायला जाऊ नका.

सिग्नल या मेसेजिंग अ‍ॅपमध्ये दोघांच्या किल्ल्यांवरून 60 अंकांचा सेफ्टी नंबर तयार होतो; तो दोन्ही फोनवर सारखाच दिसला पाहिजे. समोरासमोर असाल तर क्यूआर कोड स्कॅन करा, अर्ध्या मिनिटाचं काम. दूर असाल तर फोन करून वाचा, पण एकेक अंक सुटा. आपल्या मराठीत एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी म्हणत गेलं की ऐकणारा हमखास चुकतो. बहिणीबरोबर तीनदा पहिल्यापासून सुरुवात केल्यावर मी हे शिकलो. नवा फोन घेतला, अ‍ॅप पुन्हा टाकलं, की नंबर बदलू शकतो. कारण बहुतेकदा साधंच असतं, म्हणून लोक सूचना वाचतही नाहीत. आणि त्याच चॅटमध्ये ‘तूच ना रे?’ विचारून काय उपयोग? मध्ये कुणी बसलाच असेल तर ‘हो’ तोच म्हणेल.

व्हॉट्सअ‍ॅपवरही 60 अंक आहेतच. शिवाय 2023 पासून किल्ल्यांची जाहीर नोंदवही आहे, फेरफारासारखी: जुनी नोंद गुपचूप खोडता येत नाही, नवी तिच्यापुढे चढते. तपासणी आपोआप होते, म्हणून ज्यांच्याकडून अंक जुळवून घेणं अशक्य त्यांच्यासाठी हा आधार मोठा. पण कुणी तुमचं सिम बळकावून खातं उघडलं, तर त्याची किल्लीही रीतसरच नोंदली जाते. समोरच्याची किल्ली बदलली की कळवणारं सिक्युरिटी नोटिफिकेशन स्वतः चालू करावं लागतं. ते आजच करा.

वकील-अशील, पत्रकार आणि खबर देणारा, किंवा पैशांचे व्यवहार बोलणारे कुटुंबीय असाल, तर माझं मत स्पष्ट आहे: सिग्नल घ्या, पुढच्या भेटीत कोड स्कॅन करा, आणि नंबर बदलला की आधी फोन करून आवाज ऐका, मगच पुढचं लिहा.