फुल चार्ज करून पाठवतो, मॅडम

ऑनलाइन खरेदीच्या फसवणुकीत गेले एकूण १९,५९९ रुपये. आकडा आधीच लिहून टाकते, म्हणजे वाचताना कोणी अंदाज बांधत बसायला नको. घरी मी अजून "दहा-अकरा हजार गेले" एवढंच सांगितलंय, तेव्हा ओळखीच्या कोणी हे वाचलं तर कृपा करून गप्प बसा.

वर आणखी लाज म्हणजे माझं कामच हिशेब तपासण्याचं आहे. सतरा वर्षं लोकांची व्हाउचरं उलटीपालटी करून बघतेय. सही जुळली नाही की कागद परत. "तुला कसं कळलं नाही?" हे मला विचारू नका, विचारायला घरात माणसं पुरेशी आहेत.

छंद जुन्या, हातात मावणाऱ्या कॉम्प्युटरांचा. स्मार्टफोन यायच्या आधीचे. सुरुवात एचपी २००एलएक्सपासून झाली. १९९४ चं यंत्र, दोन पेन्सिल सेलवर चालणारं, आणि लोटस १-२-३ हे हिशेबाच्या तक्त्यांचं सॉफ्टवेअर थेट रॉममध्ये, म्हणजे यंत्राच्या कायमच्या मेमरीत. ज्यांनी डॉसच्या काळ्या पडद्यावर लोटसमध्ये ताळेबंद जुळवलेत त्यांना यातली गंमत सांगायला नको. मग सायॉन या ब्रिटिश कंपनीच्या यंत्रांचं वेड लागलं. १९९९ चं सीरीज ५एमएक्स माझ्याकडे एक आहे, पण त्याची स्क्रीन एका कोनापलीकडे नेली की विझते. हे त्या मॉडेलचं खानदानी दुखणं. झाकण उघडताना कीबोर्ड पुढे सरकतो, स्क्रीन मागे रेलते, आणि त्या प्रत्येक उघडझापेत बिजागरीतून जाणारी रिबन केबल वाकते. पंचवीस वर्षांत किती वेळा वाकली असेल? शेवटी तिच्यातले केसाएवढे पट्टे तडकतात आणि स्क्रीनवर रेघा येतात. डाग देऊन भागत नाही, केबलच बदलावी लागते. त्यासाठी दुसरं यंत्र हवं, एकाचे पार्ट दुसऱ्याला लावायला. म्हणजे मी हौसेपोटी नाही, गरजेपोटी शोधत होते. (हे वाक्य नवऱ्यापुढे चाललं नव्हतं. इथेही चालणार नाही, माहीत आहे.)

जाहिरात अशी होती: बेंगळुरूच्या एका बंद पडलेल्या सॉफ्टवेअर कंपनीच्या स्टोअरमधला माल, चार नग, २२,५०० रुपये. दोन सायॉन ५एमएक्स, एक २००एलएक्स आणि एक अमिडा सिम्प्युटर.

सिम्प्युटर. मी तिथेच गेले. आपल्या देशात, बेंगळुरूच्या शास्त्रज्ञांनी सामान्य माणसासाठी म्हणून आखलेला, लिनक्सवर चालणारा छोटा कॉम्प्युटर. अमिडा २००४ मध्ये बाजारात आला, भारत इलेक्ट्रॉनिक्सने बनवलेला. नुसता तिरपा केला की पान उलटायचं, आणि हे आयफोन यायच्या तीन वर्षं आधी. खपला फारच थोडा, म्हणून आज बघायलाही मिळत नाही. तो बेंगळुरूतल्याच कंपनीच्या कपाटात निघावा यात मला काही खटकलं नाही, उलट पटलंच. चोराने गोष्ट चांगली रचली होती म्हणायची, की तीन चतुर्थांश मी माझ्या मनाने भरली?

आता तो क्षण. हा मी इतक्या वेळा आठवलाय की संभाषण पाठ झालंय. शनिवारी रात्री पावणेदहाला मी विचारलं, दोन्ही सायॉन चालू होतात का? स्क्रीन पूर्ण उघडून बघितलीत का? उत्तर आलं: "सब चालू है मॅडम. फुल चार्ज करके भेजूंगा, टेन्शन मत लो."

फुल चार्ज!

सायॉन ५एमएक्सला चार्जिंग नसतं. दोन पेन्सिल सेल घालायचे, संपले की बदलायचे. आत बॅकअपला एक बटणाएवढा सेल, सीआर २०३२, कारण मुख्य सेल काढले की मेमरीतलं सगळं त्याच्या जिवावर तगतं. बाजूला अॅडॉप्टरचं भोक आहे, पण त्याने यंत्र चालतं, सेल चार्ज होत नाहीत. ज्याने हे यंत्र एकदा हातात घेतलंय, मागचं झाकण एकदा काढलंय, तो "फुल चार्ज" म्हणूच शकत नाही.

मला हे कळलं. त्याच सेकंदाला कळलं. आणि मी काय केलं? मी त्याला शिकवलं! "अहो, याला चार्जिंग नसतं, दोन पेन्सिल सेल लागतात. आणि सेल काढायच्या आधी बॅकअपचा सेल नवीन टाकून घ्या, नाहीतर डेटा जाईल. स्क्रीनची केबल नीट बघा." पाठोपाठ मीच त्याची बाजू घेतली: स्टोअर आवरणारा पोरगा असेल बिचारा, त्याला काय ठाऊक. तो म्हणाला, "हां हां मॅडम, वही. सेल डालके भेजूंगा." माझं समाधान झालं. ऑडिटमध्ये कोणी चुकीचं उत्तर दिलं तर मी बरोबर उत्तर त्याच्या तोंडात घालते का? मग इथे का घातलं?

त्यामुळे पहिली गोष्ट लक्षात ठेवा: विकणारा चुकला की दुरुस्त करू नका. चुकू द्या. आणखी विचारा. "मागे सेलच्या झाकणात काय लिहिलंय, फोटो पाठवा." बास.

पुढचं भराभर सांगते, कारण पुढचं तुम्हाला तोंडपाठ आहे. टोकन २,००० लगेच, "दुसरी पार्टी आहे" म्हणून. मग निम्मी रक्कम पुरी करायला ९,२५०. उरलेले ११,२५० माल हातात आल्यावर. या शेवटच्या अटीनेच मला भुलवलं: निम्मे पैसे त्याचेही अडकलेत, मग तो का फसवेल? अडकले काही नव्हतेच, मालच नव्हता. पिन टाकायच्या आधी अॅपमध्ये खातेदाराचं नाव दिसलं, ते एका बाईचं. म्हणे मॅनेजरच्या मिसेसचं खातं. कंपनी बंद, मॅनेजर चालू, पैसे मिसेसच्या खात्यात. असं व्हाउचर माझ्या टेबलावर आलं असतं तर मी लाल शाईने भरून परत पाठवलं असतं.

रविवारी कुरिअरच्या पावतीचा फोटो आला आणि ट्रॅकिंगची लिंक. लिंक त्यानेच पाठवलेली, त्यामुळे त्या साइटवर त्याला हवं तेच दिसणार होतं. (कुरिअर कंपनीची साइट स्वतः टाइप करून उघडायची आणि पावती नंबर तिथे घालायचा. दोन मिनिटांचं काम. मी केलं नाही.) सोमवारी "हबमध्ये पार्सल थांबवले आहे", ट्रान्झिट इन्शुरन्स ३,४९९, रिफंडेबल. भरले. दुपारी बॅटरीवाला माल आहे म्हणून गेटपास, ४,८५०, तेही रिफंडेबल. तेही भरले. आकड्यांबद्दल एक सांगते. ३,५०० मागितले असते तर मी थांबले असते. ३,४९९ बघितले की वाटतं, हा कुठल्या तरी दरपत्रकातला आकडा आहे. हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं कळतं.

संध्याकाळी ७,२०० मागितले तेव्हा कुठे मी पावतीचा फोटो मोठा करून बघितला. वजन: ०.३१० किलो. एक सायॉन ५एमएक्स सेलसकट ३५४ ग्रॅम भरतं. एक! दोन सायॉन, एचपी, सिम्प्युटर आणि खोका मिळून ३१० ग्रॅम. ही पावती रविवारपासून माझ्या फोनमध्ये होती, मी ती तीन मैत्रिणींना कौतुकाने पाठवलीसुद्धा होती.

मग जाहिरातीतला फोटो इंटरनेटवर उलटा शोधला. परदेशातल्या एका जुन्या विक्रीतला निघाला. फोटोत मागे भिंतीवर तीन चौकोनी पिनांचा विलायती सॉकेट स्पष्ट दिसतोय. माझी नजर कीबोर्डवर होती.

आता जरा खरं बोलू. चोर तो चोरच, पण त्याच्यानंतर जे भेटले त्यांचं काय करायचं?

१९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला, तक्रार नोंदवली गेली, नंबर मिळाला. ते काम झालं, आणि लगेच केलं म्हणूनच शेवटचे ४,८५० पुढच्या खात्यात गोठवले गेले. लाजत बसू नका, पहिल्या तासात फोन करा. मी सोमवारी रात्री केला. शनिवारी-रविवारी दिलेले ११,२५० तोवर चार खाती फिरून गेलेही होते.

मंगळवारी बँक. काउंटरवरच्या मुलाने एकच प्रश्न विचारला: "पिन तुम्हीच टाकलात ना?" हो. "मग ट्रान्झॅक्शन ऑथराइज्ड आहे." मी त्याला रिझर्व्ह बँकेचं २०१७ चं परिपत्रक काढून दाखवलं, कामकाजाच्या तीन दिवसांच्या आत कळवलं तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. त्याने न वाचता सांगितलं की ते ग्राहकाच्या संमतीशिवाय झालेल्या व्यवहारांसाठी आहे. आणि दुर्दैवाने तो बरोबर होता. फसवून घेतलेली संमती ही संमतीच. माझ्या खिशात हात घालून नेले असते तर मी निर्दोष, गोड बोलून नेले तर मी दोषी. मग तक्रारीचा फॉर्म तरी द्या म्हटलं, तर फॉर्म दुसऱ्या शाखेत मिळेल. दुसऱ्या शाखेत सिस्टीम स्लो.

मग पोलीस ठाणे. दीड तास बाकावर. समोर बसलेल्या हवालदारांनी विचारलं, काय वस्तू? म्हटलं, जुना हँडहेल्ड कॉम्प्युटर.

"लॅपटॉप?"

"नाही साहेब, छोटा. हातात मावतो."

"म्हणजे मोबाइल. आयएमईआय नंबर द्या."

"त्यात सिम नसतं."

पेन खाली ठेवून त्यांनी माझ्याकडे बघितलं. शेवटी अर्जात लिहिलं: "कॅल्क्युलेटरसारखी वस्तू, नग ४". आणि वर, "पंचवीस वर्षं जुन्या वस्तूला बावीस हजार? मॅडम, शिकलेल्या दिसता." शेजारचे दोघं हसले. तिथे बसून मला चोरापेक्षा त्या हसण्याचा जास्त राग आला, आणि अजून येतो. लोक जुनी नाणी घेतात, पोस्टाची तिकिटं घेतात, कोणी हसत नाही.

एफआयआर घ्या म्हटलं. ऑनलाइन तक्रार केलीय ना, मग झालं. झालं नाही! पोर्टलवरची तक्रार म्हणजे एफआयआर नव्हे, आणि अर्जावरचा शिक्का म्हणजेही एफआयआर नव्हे. फसवणूक भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये बसते, हद्द कुठलीही असो झिरो एफआयआर घेता येतो, हे सगळं मी घरून वाचून गेले होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि सायबर शाखेत पाठवलं. सायबर शाखेने रक्कम विचारली आणि सांगितलं, एवढ्यासाठी स्थानिक ठाण्यातच जा. दोन रजा गेल्या यात. तिसऱ्या खेपेला साहेब बंदोबस्तावर. चौथ्यांदा गेलेच नाही, आणि त्यांना तेच हवं असतं असं माझं स्पष्ट मत आहे.

गोठवलेले ४,८५० अजून गोठलेलेच आहेत. मी चौकशी केली तेव्हा ते मिळवायला कोर्टाचा आदेश लागत होता, त्यासाठी अर्ज, त्यासाठी वकील. वकिलाने फी सांगितली ५,०००. मी हिशेब तपासणारी बाई, मला पुढचं सांगायला नको.

असले जुने यंत्र घेणार असाल तर फोटोवर जाऊ नका. व्हिडिओ कॉल लावा. झाकण बंद, मग सावकाश पूर्ण उघडायला सांगा, स्क्रीन मागेपुढे हलवायला सांगा. केबल गेली असेल तर तिथेच रेघा दिसतील. २००एलएक्स असेल तर बिजागरीजवळचं प्लास्टिक जवळून दाखवायला सांगा, तडा तिथेच जातो. कागदावर तुम्ही सांगाल तो आकडा लिहून यंत्राशेजारी ठेवायला सांगा. "आत्ता जमत नाही" म्हणाला की विषय संपला, कितीही दुर्मीळ असो. आणि "रिफंडेबल" हा शब्द आला की फोन ठेवा.

"फुल चार्ज" वाला सापळा मात्र त्या माणसावर आता चालणार नाही. परवा तीच जाहिरात दुसऱ्या नावाने दिसली. फोटो तोच, सॉकेटचा भाग कापलेला. किंमत २४,०००. मी रिपोर्ट केली, आज सकाळपर्यंत तिथेच होती. खाली वर्णन आहे: चार्जिंगची गरज नाही, दोन पेन्सिल सेलवर चालतो, स्क्रीनची केबल तपासलेली, बॅकअपचा सेल नवीन टाकलेला.