बिडाच्या भांड्यातला केजन जांबालाया: सहा महिन्यांच्या वापरानंतर

पाच लिटरचं, जड झाकणाचं बिडाचं भांडं. सहा महिने जवळजवळ दर आठवड्याला त्यात एकच पदार्थ शिजला, अमेरिकेतल्या लुइझियाना राज्याचा केजन जांबालाया, म्हणजे तिथल्या फ्रेंच वंशाच्या केजन लोकांचा मांस-सॉसेज घातलेला भात. एवढ्या वापरानंतर खात्रीने सांगता येतं की या भाताची चव मसाल्यातून कमी आणि भांड्याच्या बुडातून जास्त येते.

त्याच राज्यातल्या न्यू ऑर्लिन्स शहराच्या क्रिओल पद्धतीच्या जांबालायात टोमॅटो असतो, म्हणून तो लाल. केजन तपकिरी. लुइझियानातल्या गोन्झालेस गावाच्या जांबालाया महोत्सवात तो आजही लाकडाच्या जाळावर, भल्या मोठ्या बिडाच्या भांड्यांत रांधतात. टोमॅटो नसणं भांड्यालाही मानवतं, कारण आंबटाने बिडावर मुरलेला तेलाचा थर निघतो.

सहा जणांना अर्धा किलो लांब दाण्याचा तांदूळ, अर्धा किलो डुकराच्या खांद्याचं मांस, ३०० ग्रॅम धुरावलेलं सॉसेज (आंदुई हे लुइझियानाचं मसालेदार सॉसेज मिळालं तर उत्तमच), ३ मोठे कांदे, १ ढोबळी मिरची, सेलरीचे २ दांडे, ८ लसूण पाकळ्या. बासमती नको. उलथताना शितं तुटतात आणि त्याचा वास मांसावर चढतो.

आधी सॉसेजच्या चकत्या मंद आचेवर, चरबी सुटेपर्यंत. त्या काढून त्याच चरबीत मांस दोन घाण्यांत परता. सगळं एकदम टाकलं की पाणी सुटतं, मांस उकडतं आणि बुडाला काही धरत नाही. इथेच बहुतेकांचा जांबालाया फिका पडतो. बुडाला गडद तपकिरी खरवड धरली पाहिजे. काळी झाली तर कडू होते, मग भांडं पुसून पुन्हा सुरुवात करावी. नॉनस्टिकमध्ये ही खरवड धरतच नाही. आता कांदा घाला. त्याला सुटलेल्या पाण्याने खरवड सुटते, ती लाकडी उलथण्याने खरवडून कांद्यात मिसळायची. कांदा तपकिरी व्हायला २० ते २५ मिनिटं लागतात, घाई करू नका. मग ढोबळी मिरची, सेलरी, लसूण, एक चमचा झणझणीत मिरचीपूड, मिरी, थाइमची सुगंधी पानं. काश्मिरी मिरचीने नुसता लाल रंग येतो, तोच इथे नको आहे.

मांस आणि सॉसेज परत घालून, पाणी ओतून अर्धा तास झाकून शिजवा. मग रस मोजा आणि पाणी घालून बरोबर १ लिटर करा. चव थोडी खारट लागली पाहिजे, कारण मीठ तांदूळ ओढून घेतो. आधण खळखळलं की तांदूळ वैरा. पाणी तांदळाच्या पातळीला आलं की झाकण लावून आच अगदी बारीक करा, २० मिनिटं. दहाव्या मिनिटाला एकदाच, खालून वर उलथायचं. ढवळत राहिलात की भात गिच्च होतो. गॅस बंद केल्यावर १० मिनिटं झाकून ठेवा.

भांड्याचे दोष दोन. झाकणासह वजन साडेपाच किलोंच्या घरात, त्यामुळे एका हाताने उचलता येत नाही. शिवाय बीड उष्णता धरून ठेवतं, आच कमी केल्याचा परिणाम काही मिनिटांनी दिसतो. म्हणून तांदूळ वैरण्याच्या आधीच आच उतरवायला लागा, नाहीतर तळ करपतो. इंडक्शनवर मधलं वर्तुळच तापतं, तिथे सुरुवातीला १० मिनिटं मंद आचेवर तापवून घ्यावं.

उरलेला भात रात्रभर त्यात ठेवू नये, लोखंडी चव उतरते. धुतल्यावर गॅसवर कोरडं करून तेलाचा पुसट हात फिरवा, विशेषतः झाकणाच्या आतल्या कडेला. वाफ तिथे साचते आणि गंज पहिल्यांदा तिथेच धरतो.