हर्नियाची जाळी: आठ महिन्यांनंतर

उजव्या जांघेतल्या हर्नियाचं दुर्बिणीतून ऑपरेशन होऊन आठ महिने झाले. आत १५ बाय १० सेंटिमीटरची पॉलिप्रोपिलिनची, म्हणजे एका प्रकारच्या प्लास्टिकची, जाळी आहे. सध्या चालणं, जिने, वजन उचलणं सगळं नीट चालू आहे.

त्याआधी दीड वर्ष मी पट्टा वापरला, त्याचं मात्र अजून वाईट वाटतं. पट्टा फुगवटा दाबून धरतो, पोटाच्या भिंतीतलं भोक बुजवत नाही. सोडला की संध्याकाळपर्यंत फुगवटा परत बाहेर. लहान, न दुखणारा हर्निया डॉक्टरांच्या नजरेखाली तसाच ठेवता येतो; माझा दुखत होता आणि वाढतही होता. (फुगवटा कडक होऊन आत जाईना, उलट्या सुरू झाल्या, तर वाट न बघता थेट हॉस्पिटल गाठायचं.)

जाळी म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर तारेची जाळी होती. सर्जननी तुकडा हातात दिला तेव्हा ती मच्छरदाणीसारखी मऊ निघाली. तिच्या छिद्रांतून आपलंच ऊतक वाढतं आणि ती जागा घट्ट होते. पूर्वी भोकाच्या कडा ओढून टाके घालत, ताणामुळे ते सुटत. १९८९ मध्ये लिक्टेनस्टाइन या अमेरिकन सर्जननी ताण न देता जाळी लावण्याच्या पद्धतीवर लेख लिहिला, ती पुढून चीर देऊन करतात. माझी जाळी स्नायूंच्या मागे आहे, पोटाचा दाबच तिला जागेवर धरतो. म्हणून टॅकर, म्हणजे जाळी ठोकायच्या बारीक पिना, लावल्या नाहीत. हे मी आधीच विचारून घेतलं होतं, कारण पीन नसेवर बसली तर दुखणं मागे लागू शकतं.

पहिले दोन दिवस खांदा दुखला. पोटात भरलेल्या गॅसमुळे तसं होतं, पण हे आधी कुणी सांगितलंच नव्हतं. नवव्या दिवशी मात्र मी हादरलो. त्याच जागी, तेवढाच फुगवटा! जाळी सरकली, सगळं वाया गेलं, असं वाटून रात्रभर डोळा लागला नाही. सकाळी डॉक्टरांनी खोकायला लावलं, फुगवटा हलला नाही. दाबून पाहिला, आत गेला नाही. सोनोग्राफीत नुसतं पाणी दिसलं. रिकाम्या झालेल्या जागेत असं पाणी साठतं. सुई लावून काढा म्हणून मीच मागे लागलो होतो. डॉक्टर नाही म्हणाले, सुईवाटे जंतू जाळीपर्यंत जाऊ शकतात. सहा आठवड्यांत ते आपोआप जिरलं. डिस्चार्जच्या कागदावर याची एक ओळ असती तर ती रात्र वाचली असती.

मांडीच्या बाहेरच्या बाजूला तळहाताएवढा भाग बधिर होता, आता चार बोटांएवढा उरलाय. खूप वेळ बसून उठलं की जांघेत ओढल्यासारखं होतं, दोन पावलं टाकली की जातं. खरी वेदना तीन महिन्यांनंतरही राहिली तर मात्र अंगावर काढू नका, परत दाखवा.

जाळीच्या डब्यावरचं स्टिकर मी मागून घेतलं होतं: जाळीचा प्रकार, माप, लॉट नंबर. सहाव्या महिन्यात गुडघ्याचा एमआरआय करायची वेळ आली. तिथे पहिलाच प्रश्न आला, अंगात काही धातू आहे का? स्टिकर आणि ऑपरेशनची नोंद दाखवली, टॅकर नाहीत हे त्यात लिहिलेलंच होतं. पाच मिनिटांत आत घेतलं.